मुलांची सुरक्षितता: पालक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात आणि आसपासच्या गावांत शाळांमध्ये मुलांचे सुरक्षिततेचे तास घेते. मुलांचा तास चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतरच्या पालकसभेत मात्र तास-दीड तास कुणी जागचं हलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडली, तेव्हापासून तर पालक फाटकापर्यंत सोबत येऊन विचारत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

मूल किती वर्षांचं झालं की हे शिकवायला सुरुवात करायची?

बोलायला लागलं की. तिसऱ्या वर्षी स्वतःचं पूर्ण नाव आणि आई-वडिलांची खरी नावं यायला हवीत. तुम्ही म्हणाल, एवढं तर येतंच. एका जत्रेत मी पोलीस मदत केंद्रात बसले होते, तेव्हा चार वर्षांची एक मुलगी आणून बसवली. वडिलांचं नाव काय? "बाबा." आईचं? "आई." कुठे राहतेस? "घरी." माईकवरून पुकारणाऱ्याने शेवटी तिच्या फ्रॉकचा रंग आणि हातातल्या पिपाणीचं वर्णन सांगितलं. पाऊण तासाने आई धावत आली. तोवर त्या माऊलीचं काय झालं असेल ते लिहायला नको.

पाचव्या वर्षापर्यंत एक फोन नंबर तोंडपाठ हवा. आजच्या मुलांना आईचा मोबाईल उघडता येतो, त्यावर गाणी लावता येतात, पण नंबर येत नाही, कारण फोनमध्ये तो "आई" या नावाने साठवलेला असतो. दहा आकडे तीन-तीन-चार असे तोडा, एखाद्या बडबडगीताच्या चालीवर बसवा आणि आंघोळ घालताना म्हणून घ्या. आठवड्यात पाठ होतो. नंबर बदललात तर गाणंही बदला!

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" एवढं सांगितलं तर पुरेसं नाही का?

नाही. आणि माझा सगळ्यात जास्त वेळ हेच समजावण्यात जातो.

मुलांना मी फळ्यावर "वाईट माणूस" काढायला सांगते. दाढी, लाल डोळे, काळा चष्मा, पाठीवर पोतं. दर वर्षी, दर शाळेत हेच चित्र. चौकात रोज हसून "काय पिंट्या, शाळेत चाललास?" म्हणणारा माणूस त्या चित्रात कुठेच बसत नाही. तीन दिवस पाहिलेला चेहरा मुलाच्या लेखी ओळखीचाच होतो. बाईकडून धोका असेल असं तर त्याच्या मनातही येत नाही. १९९६ साली कोल्हापूर पोलिसांनी लहान मुलं पळवणारी जी टोळी पकडली, तिच्या मुख्य सूत्रधार एक आई आणि तिच्या दोन मुली होत्या.

दुसरी बाजू आणखी अवघड आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या बाबतीत ते करणारा माणूस ओळखीचा किंवा विश्वासातला होता. पोलिसांत नोंद झालेली पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालची प्रकरणं पाहिली तर हे प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आपण मुलाला ज्या दाराची कडी लावायला शिकवतो, त्यातून क्वचितच कुणी येतं.

म्हणून नियम माणसावर बांधू नका, कृतीवर बांधा. "मला किंवा बाबांना विचारल्याशिवाय कुणाहीबरोबर कुठेही जायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही." कुणाहीबरोबर म्हणजे काकांबरोबरही, शेजारच्या ताईबरोबरही. हा नियम पाच वर्षांच्या मुलाला कळतो. त्यासाठी माणूस चांगला की वाईट हे त्याला ठरवावं लागत नाही. ते ओळखणं तर आपल्यालाही जमत नाही.

मुलांना कशाचं आमिष दाखवतात?

चॉकलेटचं सगळ्यांना माहीत आहे. मुलं त्याला फसत नाहीत, निदान तासाला तरी तसं छातीठोकपणे सांगतात. फसतात ती घाईला आणि दयेला. "तुझ्या आईला अपघात झालाय, बाबांनी मला न्यायला पाठवलंय." "माझं कुत्र्याचं पिल्लू हरवलंय, शोधायला येतोस?" "हे दुकान कुठे आहे, गाडीत बसून दाखव ना." मुलांना एक वाक्य पक्कं सांगा: मोठ्या माणसाला मदत हवी असेल तर तो मोठ्या माणसाला विचारतो. लहान मुलाला विचारत असेल तर उत्तर न देता मागे सरकायचं, आणि चार-पाच पावलांचं अंतर कायम ठेवायचं. याने मूल उद्धट होत नाही.

घरचा परवलीचा शब्द म्हणजे काय, आणि तो खरंच उपयोगी पडतो का?

फक्त घरातल्यांना माहीत असलेला एक शब्द. कधी खरंच दुसऱ्या कुणाला मुलाला आणायला पाठवावं लागलं, तर त्याला तो शब्द सांगायचा. त्याने मुलाला सांगितला तर जायचं, नाही तर शाळेत परत जाऊन बाईंजवळ थांबायचं. शब्द मुलालाच निवडू द्या. देवाचं नाव, कुत्र्याचं नाव, आवडता क्रिकेटपटू नको, कारण ते कुणालाही सुचतात. "जांभळा पापड" कुणाला सुचत नाही.

माझी मुलगी दुसरीत असताना माझा भाऊ तिला आणायला गेला. सख्खा मामा, दर दिवाळीला भेटणारा. मी गडबडीत त्याला शब्द सांगायला विसरले. ती शाळेच्या फाटकाला धरून उभी राहिली. "मामा, शब्द सांग." त्याने आधी गंमत केली, मग समजावलं, मग चिडला. ती हलली नाही. शेवटी त्याने मला फोन लावून दिला आणि मी तिच्या कानात शब्द सांगितला. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढली." मी तिच्यासमोरच त्याला सांगितलं की चूक माझी होती आणि तिने अगदी बरोबर केलं. त्या वेळी मी "अगं मामाच होता ना!" म्हटलं असतं, तर तो शब्द त्याच दिवशी निकामी झाला असता.

एकदा वापरला की शब्द बदलायचा.

आणि कुणी हात धरून ओढायलाच लागलं तर?

ओरडायचं. पण काय ओरडायचं ते ठरलेलं हवं. नुसतं "नाही, सोडा, मला नाही यायचं" ऐकून रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, पोराने हट्ट धरलाय आणि बाप ओढत नेतोय. म्हणून "हे माझे बाबा नाहीत! मला वाचवा!" असं पूर्ण वाक्य. बाई असेल तर "ही माझी आई नाही!" त्याच वेळी अंग जमिनीवर टाकून द्यायचं, खांब, सायकल, कुणाचा तरी पाय, जे हाती येईल ते घट्ट धरायचं. दप्तर धरलं असेल तर ते सोडून पळायचं. दप्तर आणि पुस्तकं गेली तर आई रागावणार नाही, हे आधी सांगून ठेवा. मुलं खरोखर त्या विचाराने अडतात. गाडी पाठलाग करत असेल तर तिचं तोंड जिकडे असेल त्याच्या उलट दिशेला, माणसं असतील तिकडे पळायचं.

हे तोंडी सांगून भागत नाही. तासाला मी मुलांना ओरडायला सांगते तेव्हा पहिल्यांदा नुसती कुजबुज येते. वर्षभर "आवाज करू नका" ऐकलेली मुलं ती. चौथ्या-पाचव्या वेळेला खिडक्या हादरतात. घरीही सराव घ्या, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन.

कराटेचा क्लास लावावा का?

आवड असेल तर जरूर लावा. आवाज मोकळा होतो, पाय घट्ट रोवून उभं राहायला मूल शिकतं. पण वीस-पंचवीस किलोचं मूल मोठ्या माणसाशी लढून जिंकत नाही, आणि जिंकेल असा भ्रम त्याला कुणी देऊ नये. उद्देश सुटून पळण्याचा आहे.

गर्दीत मूल हरवलं तर त्याने काय करायचं?

जिथे आहे तिथेच थांबायचं. आपण त्याला शोधत फिरतो, ते आपल्याला शोधत फिरतं, आणि दोघांची चुकामूक होत राहते. मदत मागायची तर वर्दीतले पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेलं माणूस, किंवा सोबत स्वतःची लहान मुलं असलेली बाई. "कुणाशीच बोलायचं नाही" हे शिकवलेलं मूल इथे कोपऱ्यात रडत बसतं, म्हणूनही ते वाक्य नको.

गणपती बघायला, वारीला, जत्रेला निघताना घराच्या दारातच मुलाचा एक फोटो काढा. आज कोणता शर्ट घातला होता ते घाबरलेल्या आईला आठवत नाही. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, पण दप्तरावर किंवा टोपीवर मोठ्या अक्षरात नाव लिहू नका. कुणीही नावाने हाक मारतो आणि मुलाला वाटतं, हा आपल्याला ओळखतो.

मुंबईकरांसाठी लोकलचा नियम वेगळा. मूल फलाटावर राहिलं आणि आपण गाडीत चढलो, तर त्याने तिथेच थांबायचं, आपण परत येतो. मूल गाडीत आणि आपण फलाटावर राहिलो, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभं राहायचं. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे. फलाटावर रेल्वे पोलीस दिसले तर थेट त्यांना गाठा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "मुलं पळवणारी टोळी आली आहे" असा मेसेज आलाय. पुढे पाठवू का?

नका पाठवू, हात जोडून सांगते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार होता. त्याच्या आधी कित्येक दिवस त्या भागात असेच मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारे समजून जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. राईनपाड्यात मेलेल्यांच्या घरीही मुलं होती.

मेसेजवर तारीख नसते, पोलीस ठाण्याचं नाव नसतं, फोटो भलत्याच ठिकाणचा असतो. संशय आला तर ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा, आणि ग्रुपवर तसं लिहा. मुलांच्या देखत "त्या भटक्या लोकांपासून लांब राहा" असं बोलू नका. त्याने मूल सुरक्षित होत नाही, आणि वर्गात त्या समाजातलं मूल असेल तर दुसऱ्या दिवसापासून त्याची चेष्टा सुरू होते.

मूल सापडत नाहीये. चोवीस तास थांबून मग तक्रार करायची ना?

अजिबात नाही. हा गैरसमज कुठून आला देव जाणे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असं गृहीत धरून तपास करायचा. "गेलं असेल मित्राकडे, उद्या या" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. हद्द आमची नाही, असंही सांगता येत नाही. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे जातो. एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

आधी ११२. मग १०९८, ही मुलांसाठीची चाइल्डलाइन. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगातून ती सुरू झाली, आता सरकार चालवतं. दिवसरात्र सुरू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. मुलालाही हा नंबर शिकवा: दहा, नऊ, आठ, असं उलटं मोजत यायचं.

पोलिसांपासून एक गोष्ट लपवू नका: घरात भांडण झालं होतं का, निकाल लागला होता का, मारलं होतं का. बरीच मुलं स्वतःहून निघून जातात. त्यात आपली नामुष्की पाहू नका. मूल स्टेशनवर शोधायचं की मित्राच्या घरी, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

ओळखीच्या माणसाबद्दल मुलाशी कसं बोलायचं? जीभ रेटत नाही.

शरीराच्या सगळ्या अवयवांना नाव द्या, इथून सुरुवात करा. ज्याला नाव नाही त्याबद्दल मूल तक्रार करू शकत नाही. मग सांगा की अंतर्वस्त्रांनी झाकलेला भाग आपला स्वतःचा. आंघोळ घालताना आई, किंवा आई-बाबांसमोर तपासताना डॉक्टर, एवढेच. कुणी हात लावला, कुणी स्वतःचं दाखवलं, मोबाईलवर काही दाखवलं, तर येऊन सांगायचं.

आणि गुपिताचा नियम. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, ती दोन दिवसांनी सगळ्यांना कळणार असते. "आईला कधीच सांगू नकोस" हे गुपित. असं गुपित कुणीही ठेवायला सांगितलं तर ते त्याच दिवशी सांगायचं.

मुलाने सांगितलं तर तुमचं पहिलं वाक्य फार मोलाचं. "बरं झालं सांगितलंस. माझा विश्वास आहे. तुझी काही चूक नाही." एवढंच. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न काळजीपोटी येतो, पण मूल तिथेच मिटतं. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

मग पोलीस. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलाचं नाव कुठेही छापता येत नाही. शाळेला किंवा डॉक्टरांना प्रकार कळला तर कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, लपवणं हाच गुन्हा ठरतो. "शाळेची बदनामी होईल, आपसांत मिटवू" असं कुणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा.

वर्गातली चिडवाचिडवी आणि दादागिरी, फरक कसा ओळखायचा?

चिडवाचिडवीत दोघंही हसतात आणि पाळी बदलते. दादागिरीत एकच मूल दर वेळी रडतं, तेच तेच पुन्हा घडतं, आणि समोरचा अंगाने, वयाने किंवा टोळक्याने भारी असतो. रोज डबा हिसकावून खाणं ही दादागिरी. रंगावरून, जाडेपणावरून, तोतरेपणावरून, "न-ण"च्या उच्चारावरून, जातीवरून हाका मारणं ही दादागिरी. मुलींमध्ये बहुतेकदा हात उगारला जात नाही. चार जणी ठरवून एकीशी कट्टी घेतात, डब्याच्या गोलात तिला जागा देत नाहीत. बाईंना ते दिसत नाही, आणि घरी सांगावं तर "दुसऱ्या मैत्रिणी कर" एवढंच ऐकायला मिळतं.

"तूही एक ठेवून दे" असं सांगू का?

बाबा लोक हे हमखास विचारतात. समोरचा तिघांत आणि आपलं मूल एकटं, अशा वेळी हा सल्ला त्याला आणखी मार खायला पाठवतो. शिवाय मारताना पकडलं जातं ते आपलं मूल. त्यापेक्षा हे शिकवा: डोळ्यांत बघायचं, मान वर, मोठ्याने आणि एकदाच "थांब, मला हे आवडत नाही" म्हणायचं, वळायचं, माणसांत जायचं, सांगायचं. मधल्या सुट्टीत एकट्याने टाकीमागे, मोकळ्या जिन्यात जायचं नाही. एक तरी मित्र सोबत हवा. कुणी अंगावरच आलं तर हात वर करून चेहरा वाचवणं आणि ढकलून निसटणं यात गैर काही नाही.

आणि चुगली व तक्रार यांतला फरक. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितली ती चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितली ती तक्रार. हे मुलांइतकंच शिक्षकांनाही सांगावं लागतं.

मूल काहीच सांगत नाही. मग कळणार कसं?

शाळेतून आलेलं मूल धावत आधी संडासात जातंय का बघा. दिवसभर शाळेच्या स्वच्छतागृहात न जाणारं मूल पुष्कळदा अस्वच्छतेपेक्षा तिथे उभ्या असलेल्या मुलांना भीत असतं. डबा एक तर भरलेला परत येतो, नाही तर चाटून-पुसून रिकामा आणि मूल भुकेलं. सोमवारी पोटात दुखतं, रविवारी नाही. पेन-रबर सारखे हरवतात. वर्षभर चालत गेलेला रस्ता अचानक नको होतो.

"आज शाळेत काय झालं?" याला उत्तर "काही नाही" हेच येणार. "आज डबा खाताना तुझ्या शेजारी कोण होतं?" असं विचारा. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून नेताना विचारा. नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात.

शाळेकडे तक्रार कशी करायची?

आधी वर्गशिक्षकांकडे, लेखी. तारीख, ठिकाण, काय झालं, कोण होतं, एवढंच, विशेषणं नकोत. पोच घ्या. आठवड्यात हालचाल नाही तर मुख्याध्यापक, मग मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली शाळेची सखी सावित्री समिती, मग शिक्षणाधिकारी. त्रास देणारे शिक्षकच असतील तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ लक्षात ठेवा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना त्यात बंदी आहे. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी थेट भांडायला जाऊ नका. मी पाहिलंय, तिथे दोन बाप एकमेकांवर धावतात आणि मुलांचं राहून जातं.

मोबाईलवर चिडवणं, फोटो फिरवणं सुरू असेल तर काही डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, नंतर सायबर पोलीस. आणि रागाच्या भरात मुलाचा फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

आमचंच मूल दुसऱ्यांना त्रास देतं, अशी तक्रार आली तर?

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात, आणि सगळे निघून गेल्यावर विचारतात. विचारलात याबद्दल मला तुमचं कौतुक वाटतं. "आमचा मुलगा असा नाहीच" म्हणू नका, आणि घरी नेऊन बडवूही नका. मारणं हे उत्तर असतं, हेच तर तो शिकून आलेला असतो. त्याचा डबा, त्याचे मित्र, त्याच्याशी मोठा भाऊ कसा वागतो, हे शांतपणे पाहा. हिसकावलेली वस्तू त्याला स्वतः नेऊन द्यायला लावा, तुम्ही सोबत उभे राहा.

आजी-आजोबांना हे पटत नाही. मुलीने "पापी नको" म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.

वाटणारच. त्यांचा जीव असतो तिच्यावर. त्यांना हे पाहुण्यांसमोर सांगू नका, मुलीसमोरही नको, दुपारी निवांत चहा घेताना सांगा. "आज ती तुम्हाला नको म्हणू शकली, म्हणून उद्या दुसऱ्या कुणाला म्हणेल." एका आजींना हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हाला कुणी नको म्हणू दिलं असतं तर." आता त्या नातीला हाक मारतात आणि हात पुढे करून विचारतात, "टाळी की पापी?" बहुतेक वेळा टाळी मिळते.